हायड्रंटचं पाणी कमी पडतंय: पंप आगीजवळ, हायड्रंटजवळ की थेट टँकर?

आधी गेज (प्रेशर दाखवणारा काटा) पाहा. हायड्रंट (आग विझवण्यासाठी पाण्याच्या लाइनवर बसवलेला नळ) बंद असतानाच्या प्रेशरवरून फारसं कळत नाही; पाणी सुटल्यावर ते किती उतरतं, त्यावर निर्णय ठरतो. समजा बंद असताना प्रेशर ३ किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो) आहे आणि मिनिटाला ४७५ लिटर सुटल्यावर २.७ राहिलं. घसरण १० टक्के, म्हणजे लाइनमध्ये अजून दम आहे. ९५० लिटर घेतले तरी साधारण १.९ किलो उरेल. घसरण २५ टक्क्यांच्या पुढे गेली, तर आणखी तेवढंच पाणी मिळण्याची आशा सोडा. जे पाणी लाइनीतच नाही, ते मोठ्यात मोठा पंपही आणू शकत नाही.

बंब आगीजवळ. हायड्रंटपासून होज (पाण्याची नळी) टाकायची आणि बंबाने पुढे प्रेशर द्यायचं. मांडणी झटपट होते, एकच पंप पुरतो. पण ६३ मिमीच्या होजमधून ९५० लिटर नेताना दर ३० मीटरला सुमारे ०.८६ किलो जातो. १५० मीटरला ४.३ किलो, आणि हाताशी १.९ आहेत! दोन होज समांतर टाकल्या की प्रत्येकीत निम्मं पाणी जातं, घट चौथाईवर येते: १.१ किलो. मग बंबाला जेमतेम ०.८ मिळतात. काम चालतं, पण इनलेटच्या (पंपात पाणी शिरतं त्या तोंडाच्या) गेजवरून नजर हलवायची नाही.

बंब हायड्रंटजवळ. पुण्यात कसबा किंवा शनिवार पेठेच्या बोळात मोठा बंब शिरत नाहीच. तो रस्त्यावर हायड्रंटला लावा आणि होज आत न्या. वरच्याच उदाहरणात एका होजने आगीजवळच्या दुसऱ्या पंपाला १ किलो द्यायचा तर डिलिव्हरीला (पंपातून पाणी बाहेर पडतं तिथे) ५.३ लागतात, पैकी १.९ हायड्रंट देतो, म्हणजे पंपाने फक्त ३.४ वाढवायचे. लांब अंतराला हाच मार्ग बरा. किंमत म्हणजे दुसरा बंब, दुसरा चालक आणि वॉकीटॉकी. पुढच्याने शाखा (होजच्या टोकाची नोझल) एकदम बंद केली, तर मागचं प्रेशर उसळून होज फुटते.

दोन्हीकडे खोड एकच: हायड्रंट देतो त्यापेक्षा जास्त ओढलं की इनलेट शून्याखाली जातो, मऊ होज चपटी होते, पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतो. शिवाय जमिनीखालच्या गळक्या सांध्यांतून बाहेरचं पाणी पिण्याच्या लाइनीत ओढलं जातं. लाइनीत १.४ किलोच्या खाली जाऊ देऊ नका. जोडण्याआधी हायड्रंट थोडा वेळ मोकळा सोडा, गंज-वाळू निघून जाते. नाहीतर ती नोझलमध्ये अडकते. उघडणं-बंद करणं हळूच, जुनी बिडाची लाइन झटक्याने फुटते.

टँकर. पाणी सोडण्याच्या वेळेबाहेर लाइन रिकामी असेल, किंवा वाघोली-उंड्रीसारख्या टँकरवर जगणाऱ्या भागात, दुसरा पर्याय नाही. हिशेब सोपा आहे. १०,००० लिटरची गाडी भरणं, येणं-जाणं आणि रिकामी करणं यात ३५ मिनिटं गेली, तर ती मिनिटाला २८५ लिटरच देते. ९५० साठी चार गाड्या लागतात, आणि पहिली पोचेपर्यंत बंबाच्या टाकीवरच भागवायचं. म्हणून जवळच्या सोसायटीची जमिनीखालची टाकी आधी शोधा. कडक सक्शनने (ओढीने चपटी न होणाऱ्या नळीने) पाणी उचलताना उंची सहा मीटरच्या आत ठेवा: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा ६ ते ७ टक्के कमी, तेवढी ओढ कमी. गाळणी पाण्याखाली निदान ६० सेंमी हवी, नाहीतर भोवरा होऊन पंप हवा ओढतो.