खचलेला शोषखड्डा: पुन्हा दगड भरायचे की सिमेंटच्या कड्या उतरवायच्या?

शोषखड्डा, म्हणजे घरातलं सांडपाणी मातीत मुरवणारा खड्डा, खचला की बहुतेक जण तोच उकरून नवे दगड टाकतात. पण पाणी मुरतं ते मातीत, आणि जुन्या खड्ड्याच्या कडांवर साबण-तेलाचा काळा, बुळबुळीत थर बसलेला असतो. म्हणून सहा-सात फूट बाजूला नवा खड्डा घ्या. जुना मुरमाने बुजवा, दर फुटाला वरूनच पाणी मारून लांब दांड्याच्या धुमसाने ठोका. खचलेल्या खड्ड्यात उतरू नका: कडा ढासळतात आणि आत विषारी वायू साचलेला असू शकतो.

आधी माती तपासा. फूटभर खोल खड्ड्यात पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा सहा इंच भरा. एक इंच उतरायला अर्ध्या तासाहून जास्त लागला, तर दोन्ही पर्याय सोडा आणि पाणी केळी-अळूकडे वळवा. काळ्या मातीत बहुधा हेच होतं. पाच-सहा फुटांवर मुरूम लागत असेल तरच तिथवर खोदा.

दगडांचा खड्डा स्वस्त. चार फूट लांब, रुंद आणि खोल, वर अर्धा फूट माती; दगड अर्ध्या ब्रासहून (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) थोडे जास्त. मोठे खाली, लहान वर, त्यावर सिमेंटच्या गोणपाटाचा थर, नाहीतर माती आत झिरपते. दगडच कडा धरून ठेवतात. पण पोकळी जेमतेम 35-40 टक्के, म्हणजे सुमारे 600 लिटर, आणि तुंबला की सगळे दगड बाहेर काढावे लागतात.

कड्यांचा, म्हणजे सिमेंटच्या गोल रिंगांचा खड्डा महाग, पण माझा कौल त्यालाच. तीन फूट व्यासाच्या, फूटभर उंच, भोकं पाडलेल्या चार कड्या आणि भोवती सहा इंच खडी, एवढ्यात हजार लिटरच्या वर पाणी मावतं. झाकण उघडून गाळ उपसता येतो. एक कडी शंभर किलोच्या आसपास भरते, त्यामुळे दोर आणि तीन-चार माणसं हवीत. पहिली कडी पाणसळीने तपासा. ती कलली तर वरच्याही कलतात. सांधे सिमेंटने बुजवू नका.

कुठलाही घ्या, आधी दीड फुटी गाळचेंबर बांधा आणि नहाणी ट्रॅप बसवा. केस आणि खरकटं तिथेच अडतं. पिण्याच्या विहिरीपासून 50 फूट, पायापासून 10 फूट अंतर ठेवा. सेप्टिक टँकचं पाणी यात सोडू नका.