सापांच्या कुळांचा तक्ता: दात झकास, नातीगोती जुनी

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत लावायला हा भिंतीवरचा तक्ता मागवला. तीन महिने रोज डोळ्यासमोर आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

खालच्या पट्टीतल्या कवट्या पाहत बसाव्यात अशा आहेत. घोणशीचे लांब विषदंत मिटलेले आणि उघडलेले, दोन्ही काढलेत. शेजारी नागाचे आखूड, जागीच पक्के बसलेले. घोणस व्हायपरिडी कुळात आणि नाग इलॅपिडीत, हे इतकी वर्षं खडूने फळ्यावर काढून सांगत आलो. मुलं आता स्वतःच दातांवर बोट ठेवून सांगतात. वाळा या बारक्या सापांचे जबडे तर मलाही इतके स्पष्ट कधी दिसले नव्हते: टिफ्लोपिडी कुळात दात वरच्या जबड्यात, लेप्टोटिफ्लोपिडीत फक्त खालच्या. एरवी दोन्ही गांडुळासारखे, डोकं कुठलं नि शेपूट कुठलं इथूनच घोळ. चित्रकाराला पैकीच्या पैकी गुण.

मजकूर लिहिणाऱ्याला मात्र नाही. अजगर अजूनही बोइडी या बोआ सापांच्या कुळाच्या चौकटीत आहे आणि समुद्री सापांना हायड्रोफिडी हे स्वतंत्र कुळ दिलंय. मी कॉलेजात असंच शिकलो, पण त्यानंतर अजगरांचं पायथॉनिडी हे वेगळं बिऱ्हाड झालं, आणि डीएनए तपासल्यावर समुद्री साप ऑस्ट्रेलियातल्या जमिनीवरच्या इलॅपिडींचे भाऊबंद निघाले. समुद्रात राहायला गेलं म्हणून आडनाव बदलत नाही. वर ‘सुधारित आवृत्ती’ असं ठळक छापलंय!

खरी चीड आली ती हिरव्या चौकटीची. कॉल्युब्रिडी कुळ हिरवं रंगवून त्यावर ‘बिनविषारी’ लिहिलंय. सापांच्या चार हजारांवर जाती, त्यातल्या जवळपास निम्म्या या एकाच कुळात. १७५८ साली सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने ‘कॉल्युबर’ या नावाखाली नागसुद्धा घातला होता. पुढेही ज्याचं नातं लागेना तो साप याच अडगळीच्या खोलीत जायचा. आज बरीच आवराआवर झाली तरी धामणीसारख्या बिनविषारी सापाबरोबर सौम्य विषाचा हरणटोळ इथेच आहे, आणि आफ्रिकेतला बूमस्लँगही. १९५७ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमचे सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट यांना बूमस्लँगचं पिल्लू चावलं. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, लक्षणं तेवढी टिपून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. कुळ वंशावरून ठरतं, विषावरून नाही, हे ज्या तक्त्याने शिकवायचं त्यानेच उलटं शिकवावं? त्या शब्दावर मी पांढरी पट्टी चिकटवली आहे.

किरकोळ तक्रार: लॅमिनेशन इतकं चकचकीत की खिडकीसमोर लावला तर निम्मा तक्ता उजेडात जातो. आतल्या भिंतीवर लावा.

परवा एका मुलीने विचारलं, “सर, मांडूळ कुठाय?” शोधलं, तर नाहीच. चित्राला जागा नव्हती, म्हणून नाव तरी समासात लिहायला घेतलं आणि हात थांबला. मांडुळाला बोइडीतल्या एरिसिनी उपकुळात ठेवायचं की एरिसिडी हे वेगळं कुळ मानायचं, यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. शेवटी पेन्सिलीने लिहिलं.