रामशेजच्या देखाव्यासाठी कोणते सैनिक: मातीचे की धातूचे?

नाशिकजवळचा रामशेज किल्ला 1682 पासून कित्येक वर्षं मुघलांशी झुंजला. त्या वेढ्याचा कायमचा देखावा घरात मांडायचा, तर सैनिक कोणते घ्यायचे?

दिवाळीत बाजारात मिळणारे मातीचे मावळे आपल्या ओळखीचे. पगडी, ढाल, कमरेचा शेला, सगळं मराठी. पण साच्यातून निघाल्यामुळे पन्नास मावळे एकाच पवित्र्यात उभे राहतात. माझ्याकडच्या एका मावळ्याचा भाला दोनदा मोडला. आता तिथे अगरबत्तीची काडी रंगवून बसवली आहे आणि ती मूळ भाल्यापेक्षा सरळ दिसते.

धातूचे सैनिक नाजूक कामात फार पुढे आहेत. इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीने 1893 मध्ये आतून पोकळ शिशाचे सैनिक आणले आणि 54 मिलिमीटर हे माप रूढ झालं. त्यांच्या अंगरख्याची बटणंही मोजता येतात. मात्र त्यांत युरोपातल्या पलटणीच जास्त. मावळा शोधूनच काढावा लागतो. शिवाय जुनं शिसं लाकडी कपाटात बंद ठेवलं, की लाकडातल्या आम्ल वाफांनी त्यावर पांढरी भुकटी धरते. काचेची पेटी, थोडी खेळती हवा हवीच. लहान मुलांच्या हाती ते देऊच नयेत.

खर्चात तुलनाच नाही, माती खूप स्वस्त.

मी रामशेजसाठी मातीच घेईन. तटावरची गर्दी त्यांचीच शोभते. फक्त लहान-मोठ्या मापांचे सैनिक एका ओळीत मिसळू नका. मोठा मावळा मागे ठेवला, की डोंगर एकदम बुटका दिसतो.