बऱ्याच वर्षांनी परत बॉलिंग सुरू करताय? टेनिस, टू-पीस की फोर-पीस, कुठला बॉल घ्यायचा

कॉलेज संपलं, नोकरी लागली, लग्न झालं, मधली दहा-पंधरा वर्षं बॉलिंग म्हणजे सोसायटीत पोराला दोन-चार अंडरआर्म टाकणं एवढंच राहिलं, आणि आता कुणीतरी ग्रुपवर टाकलंय की रविवारी सकाळी खेळायला येतोस का बे. अशांसाठी हे लिहितोय. बॅट्समनचं काय, बॅट कुणाचीही मागून भागतं. बॉलरचं तसं नसतं. हातात कुठला बॉल आहे त्यावर खांदा, मनगट, टप्पा, दुसऱ्या दिवशी पिंढरी किती दुखणार, सगळंच ठरतं. आणि दुकानात गेलं की आपण हमखास तोच बॉल मागतो जो विसाव्या वर्षी टाकत होतो, तिथेच गडबड होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग बाकीचं. पूर्वी सीझन बॉल, म्हणजे लेदरचा कडक बॉल, टाकलेला असेल आणि परत तोच टाकायचा असेल तर सुरुवात टू-पीस लेदरने (दोन तुकड्यांच्या कातडीचा) करा, फोर-पीसने (चार तुकड्यांचा) नको आणि हेवी म्हणजे जड टेनिस बॉलने तर नकोच. फक्त मित्रांबरोबर धमाल करायची असेल, टर्फ बुक करून रात्री खेळायचं असेल तर लेदरच्या नादाला लागूच नका.

बॉलच्या आधी एक ठरवायचं, खेळणार कशावर. आपल्याकडे सोलापुरात जमीन म्हणजे उन्हाळ्यात भाजून दगड झालेली, वरून बारीक खडी. पार्क स्टेडियमची विकेट (पिच) वेगळी, तिथे 2024 च्या जानेवारीत महाराष्ट्राची मणिपूरबरोबर रणजी मॅच झाली, पण तुमच्या-माझ्या रविवारच्या नशिबात ती विकेट कुठली. आपल्याला मिळतं ते मोकळं मैदान, नाहीतर सिमेंटवर टाकलेली मॅट, नाहीतर बॉक्स क्रिकेटचं टर्फ. मोकळ्या मैदानावर लेदर बॉलची कातडी एका सकाळीत सोलून निघते. सिमेंटवर मॅट असेल तर बॉल जरा टिकतो पण उसळतो लई. टर्फवाले तर लेदर आत आणूच देत नाहीत. होम मैदानाचं वेगळंच, जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरची जत्रा, लागला की तिथे पाळणे आणि भजीचे गाडे, त्यामुळे ज्यांचं खेळणं तिथेच त्यांनी संक्रांतीच्या तोंडावर नवा बॉल घेऊन काय करायचं.

हलका टेनिस बॉल, म्हणजे कॉस्को लाइटसारखा, बॉलरने घ्यायचा नाही, विषय संपला. गच्चीवर, पार्किंगमध्ये, लहान पोरांबरोबर ठीक. जोरात टाकायला गेलात तर हातात वजनच नसतं, हात रिकामाच फिरतो आणि खांद्याला झटका बसतो. विशीत तो कळत नाही, चाळिशीत रात्री कुशीवर झोपताना कळतो.

हेवी टेनिस ही खरी स्पर्धा आहे लेदरला. विकी, खन्ना, निविया, जे मिळेल ते. वजन ब्रँडप्रमाणे कमी-जास्त पण बहुतेक शंभर ग्रॅमच्या पुढे. लॉन टेनिसचा खरा बॉल 56 ते 59.4 ग्रॅमचा असतो, म्हणजे हा जवळपास दुप्पट, आणि लेदर 155.9 ते 163 ग्रॅम, म्हणजे हा दोघांच्या मधे कुठेतरी. ऐकायला वाटतं की मधला म्हणजे परत येणाऱ्याला बेस्ट, आधी हा मग लेदर. पण तसं होत नाही. टेनिस बॉलची बॉलिंग हा वेगळाच धंदा आहे. सीम (लेदर बॉलची मधली उठलेली शिवण) नाही, त्यामुळे टप्प्यावरून बॉल हलत नाही. गुड लेंथ टाकलात तर बॉल आरामात बेंबीएवढा येतो आणि बॅट्समन डोळे झाकून मिडविकेटवरून मारतो. म्हणून टेनिसवाले एकतर बुंध्यात यॉर्कर घालतात नाहीतर मागे आपटतात, मधलं काही नाही. एलबीडब्ल्यू बऱ्याच टुर्नामेंटला नसतोच, बॅट्समन पाय आडवा टाकून उभा. वरून निम्मे बॉलर हात वाकवून फेकतात आणि अंपायर आकाशाकडे बघतो. लेदर बॉलरने अशा ठिकाणी दोन महिने काढले की मनगट मागे राहायचं विसरतं, बॉल नुसता पुढे ढकलायची सवय लागते.

पण याचं वाईटच सांगत बसत नाही. खर्च कमी, शंभराच्या आसपास चांगला बॉल येतो, पॅड-हेल्मेट लागत नाही, माणसं पटकन जमतात, आणि हल्ली टेनिसला इज्जतही आलीय. 2024 ला ठाण्यात आयएसपीएल (इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग) सुरू झाली ती टेनिस बॉलचीच. ज्याला महिन्यातून दोनदा खेळायचंय, हसायचंय, नंतर चहा प्यायचाय, त्याने हेवी टेनिस घ्यावा आणि सुखात राहावं. फक्त घेताना दोन बॉल हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा, एकसारखे दबले पाहिजेत. वर्षानुवर्षं फळीवर पडलेला बॉल कडक होतो, त्याचा फेल्ट (वरचं लोकरी कापड) जोडापाशी सुटायला लागलेला असतो, नख घालून बघितलं की कळतं.

आता लेदर. इथे जरा नीट बसून वाचा.

टू-पीस म्हणजे वरची कातडी दोन वाट्यांची, मधून एकच शिवण. फोर-पीसमध्ये प्रत्येक वाटी परत दोन तुकड्यांची, ते आतल्या बाजूने शिवलेले, बाहेरून फक्त बारीक रेघ दिसते. आत कॉर्क आणि त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा, टू-पीसला आतला गोळा बऱ्याचदा तयार साच्यातला. फरक काय पडतो? फोर-पीस आकार धरून ठेवतो, बॅटवर आवाज चांगला येतो, शाईन नीट राखली तर स्विंग जास्त वेळ मिळतो. टू-पीस जास्त कडक लागतो, उसळतो जास्त, शाईन गेली की त्याच्यात फार काही उरत नाही. मॅचला फोर-पीस भारी, यात वादच नाही.

पण तुम्ही मॅच खेळताय का? पहिले दोन-तीन महिने तुम्ही करणार काय, तर सकाळी सातला जाऊन एकच स्टंप लावून अर्ध्या रनअपने टाकणार, निम्मे बॉल लेगला वाइड जाणार आणि मागे कुणी नसलं तर तुम्हीच पळत आणायला जाणार. त्यासाठी हजाराच्या पुढचा बॉल खडीवर घासायचा? टू-पीस त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत येतो. वजन तेच, घेर तोच, सीम हाताला लागते, बोटं दोन बाजूला कशी ठेवायची ते हात आपोआप आठवतो. परत येणाऱ्याला हवंय तेच आहे, स्विंग नंतर बघू. माझ्या ओळखीत जे परत टिकले ते सगळे असेच आले, जे पहिल्याच दिवशी एसजी कंपनीचा महागडा टेस्ट बॉल घेऊन पूर्ण रनअपने धावले ते मांडी धरून घरी बसले. बॉलचा यात दोष नाही म्हणा, पण महागडा बॉल हातात आला की माणूस जोर लावतोच.

बॉल दुकानात तपासायचा कसा, हे कुणी सांगत नाही. काचेच्या काउंटरवर सीम उभी धरून हळूच ढकला. सरळ गेला तर ठीक, डगमगत गेला तर बॉल अंडाकृती आहे किंवा सीम वाकडी बसलीय, दुसरा मागा. मग नखाने सीमवर एक फेरी मारा, टाके कुठे खाली दबलेत, कुठे दोरा उठलाय कळतं. फोर-पीस म्हणून विकतायत तो खरंच फोर-पीस आहे का ते त्या बारीक रेघेवरून बघा, प्रत्येक वाटीवर एक आणि दोन्हीकडच्या रेघा एकमेकींशी काटकोनात. स्वस्तातल्या बॉलवर नुसतीच रेघ ओढलेली असते, आत शिवण नसते, तिथे नख अडकत नाही. दुकानात वजनकाटा नसेल तर घरी आल्यावर किचनच्या काट्यावर ठेवा, 156 ते 163 च्या बाहेर गेला तर लगेच बदलून आणा. घेराला दोरी लावायची हौस असेल तर 22.4 ते 22.9 सेंटिमीटर.

ब्रँडचं फार मनावर घेऊ नका. एसजी मेरठची, आपल्याकडच्या टेस्टला आणि रणजीला तीच, सीम ठळक आणि हाताने शिवलेली, म्हणून सीमवर टाकणाऱ्याला आणि स्पिनरला बरी. कुकाबुरा ऑस्ट्रेलियाची, सीम लवकर दबून सपाट होते, सुरुवातीला स्विंग मग बॅट्समनची चैन. ड्यूक्स इंग्लंडची, शाईन खूप वेळ टिकते पण आपल्या खडीवर ड्यूक्स टाकणं म्हणजे पैठणी नेसून शेण सारवणं. मेरठ-जालंधरच्या कमी नावाच्या कंपन्यांचे टू-पीस पण चांगले निघतात, वरच्या तपासण्यांत पास झाला की झालं.

रंग? लाल घ्या. पांढरा आपल्या मातीत दहा मिनिटांत तांबूस-काळपट होतो आणि मग दिसतच नाही. गुलाबी फक्त फोटोला. पावसाळ्यात ओल्या आउटफिल्डवर खेळायचं असेल तर सिंथेटिक किंवा पीव्हीसीचा बॉल पाणी पीत नाही म्हणून ठीक, पण हातातून निसटतो आणि बोटांना त्याची काही ओळख पटत नाही.

शाईनवरून आठवलं, थुंकी लावायची सवय असेल तर ती सोडा, 2020 ला कोविडमध्ये आयसीसीने तात्पुरती बंदी घातली आणि 2022 पासून कायमची केली. घाम चालतो, आणि सोलापुरात घामाला काय तोटा.

स्पिनरांसाठी थोडं उलटं सांगेन. पेसवाल्याला टू-पीसवर दिवस काढता येतात, स्पिनरने मात्र जमलं तर एखादा बरा फोर-पीस घ्यावाच, कारण तुमचं सगळं काम सीमवर बोट ओढण्याचं आणि टू-पीसच्या सीमवर बोट नीट बसत नाही, घसरतं. रनअप छोटा असल्याने नेटच्या आत मॅटवरच टाकायचं, मैदानात नाही, म्हणजे बॉल टिकतो आणि खर्चही परवडतो. एक तयारी ठेवा, इतक्या वर्षांनी तर्जनीची कातडी मऊ झालेली असते, पहिल्या आठवड्यातच सोलते. रोज थोडं टाका, एकदम तासभर नको. आणि वय झालं म्हणून रडू नका, भारताचे जुने टेस्ट खेळाडू पॉली उम्रीगर आपल्याच सोलापुरात जन्मलेले, 1962 ला पोर्ट ऑफ स्पेनच्या टेस्टला वयाच्या 36 व्या वर्षी एका इनिंगमध्ये पाच विकेट काढल्या आणि त्याच मॅचमध्ये नाबाद 172 पण केले.

अजून एक पर्याय कुणी सांगत नाही, बायकांच्या क्रिकेटचा बॉल. वजन 140 ते 151 ग्रॅम, घेरही थोडा कमी. ज्यांचा खांदा आधीच कुरकुरतोय किंवा हात छोटा आहे त्यांनी पहिला महिना यावर काढायला काय हरकत आहे? मित्र हसतील, हसू देत. घरात मुलगी खेळत असेल तर तिच्या बॅगेतच मिळेल. मुलगा तेराच्या आतला असेल तर त्याला मात्र मोठ्यांचा बॉल देऊ नका, त्यांचा वेगळा येतो, 133 ते 144 ग्रॅमचा. हल्लीची पोरं क्रिकेटपटू अर्शिन कुलकर्णी आपल्या गावचा म्हणून पहिल्या दिवसापासून लेदर मागतात, मागू देत, पण वजन त्यांच्या वयाचं द्या.

लेदर घेतलात की खर्च बॉलवर थांबत नाही हे पण धरून चला. समोर जो बॅटिंग करणार त्याच्याकडे हेल्मेट, गार्ड, ग्लोव्हज पाहिजेतच, आणि नेटमध्ये फॉलोथ्रू संपेपर्यंत तुम्हीच सगळ्यात जवळ उभे असता, सरळ ड्राइव्ह आला तर हलायला वेळ मिळत नाही. बूट नीट घ्या, कडक जमिनीवर खिळ्यांपेक्षा रबरी स्टडचे बरे, पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर येतो. बॉलवर सहाशे वाचवून ते बुटात घातले तर मी शहाणपणाच म्हणेन.

दुकानदार म्हणेल डझन घ्या, स्वस्त पडेल. टेनिसचे घ्या खुशाल, ग्रुपमध्ये वाटून टाका, तसेही निम्मे शेजारच्या कंपाउंडमध्ये जातात. लेदरचे एका वेळी दोनच, आणि ते गाडीच्या डिकीत ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या पुढे पारा गेला की आत कातडी सुकून कडक होते आणि वरच्या लाखेला तडे जातात. घरात कपाटात, जुन्या सुती फडक्यात.