४० पट लिहिलेलं घडीचं भिंग, दोन पावसाळे वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, हे भिंग ४० पट नाही. दहाच्या आसपास आहे. तरी मी ते परत केलं नाही, आणि का नाही केलं तेच लिहून राहिलो, डबा कसा होता, डिलिव्हरी किती दिवसांत आली ते बाकीच्यांच्या रिव्ह्यूत वाचून घ्या.

मी परतवाड्याकडचा. चिखलदऱ्याच्या घाटाखाली आमचा संत्र्याचा बगीचा, त्याच्या मागून नाला जातो. पानावरचा कोळी, म्हणजे ती बारीक कीड, पाहाले भिंग पाहिजे होतं म्हणून ऑनलाइन मागवलं, ३२० रुपये, सोनार वापरतात तसलं, स्टीलच्या खोळीत घडी होणारं. कंपनीचं नाव घेत नाही. काचेभोवती कोरलेलं होतं, ४० पट, २१ मिमी, म्हणजे काचेची रुंदी. पहिल्याच दिवशी वाटलं की एवढं काही मोठं दिसून नाही राहिलं, मग दुपारच्या उन्हात पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसलो. भिंगातून सूर्याचा ठिपका कागदावर पाडायचा, ठिपका एकदम बारीक झाला की काच ते कागद अंतर मोजायचं, आणि २५० ला त्या मिलिमीटरनं भागायचं, जे येईल तेवढे पट. माझं अंतर आलं २६, म्हणजे साडेनऊ पट. ४० पट असतं तर काच कागदापासून सहा मिमीवर आली असती, आणि एवढ्या रुंद काचेत ते होतच नाही. तपासता तपासता कागदाला भोक पडलं, पट्टीचं टोकही थोडं वितळलं, पोरगी अजून बोलते त्यावरून.

विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की "कस्टमर को ज्यादा अच्छा अनुभव मिलेगा". बरं बाबा.

आता कोळी राहिला बाजूला. आषाढात विहिरीच्या दगडावर हिरवं मखमलीसारखं येतं ना, ते सहज भिंगाखाली घेतलं आणि त्या दिवशी स्प्रे मारायचा राहूनच गेला. आपण सगळ्यालेच शेवाळ म्हणतो, पण टाक्यातलं बुळबुळीत शेवाळ वेगळं आणि हे वेगळं, हे मॉस. याले खोडासारखं आहे, पानं आहेत, फक्त खरं मूळ नाही, फूल नाही, बी नाही. केसासारखी दांडी निघते आणि तिच्या टोकावर बोंड, अगदी कपाशीचं बोंड समजा, पण मोहरीच्या दाण्याहून लहान. त्यावर टोपी असते, टोपी गळते, मग झाकण पडतं आणि आतून बीजाणू उडतात. दहा पटीत हे सगळं दिसते. वीस पटीचं पुतणीकडचं पाहिलं, त्यात एका वेळी थोडीच जागा दिसते आणि तीही अंधारी, हात हलला की गायब. म्हणून मॉस पाहणारे लोक दहाचंच वापरतात असं ती म्हणते, म्हणजे कंपनीनं खोटं बोलून बरोबर वस्तू दिली.

वापरायची रीत बहुतेकांची चुकते. भिंग पानाजवळ नेऊन लांबून पाहायचं नाही. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि पान हळूहळू जवळ आणायचं, उजेड पाठीमागून नको, बाजूनं घ्यायचा. एवढं जमलं की आमच्या विहिरीवरचं पहा. उन्हाळ्यात ते काळं पडून करपल्यासारखं दिसते, पानांच्या दोन्ही कडा आत वळून सुरळी झालेली असते. त्याच्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि भिंगातून बघत रहा, सुरळ्या उलगडतात, हिरवा रंग येतो, पाणी पिताना दिसते जणू. मी बादलीभर वेळा केलं असेल हे. आई म्हणे, "शेवायच तं हाय बाप्पा, त्याले काय डोये फोडून पाहतं."

नाल्याच्या काठी मात्र वेगळंच सापडलं. सावलीतल्या ओल्या दगडावर, चपटं, पानं फक्त दोन बाजूंना, कंगव्यासारखी. असं कुठंच पाहिलं नव्हतं, मला वाटलं आपल्याले नवीन जात सापडली. फोटो पाठवला तर पुतणी, अमरावतीला एमएस्सी बॉटनी करते, म्हणाली फोटोवर काही होत नाही, घेऊन या. आणि वर बजावलं, "काकाजी, आपल्या नाल्यावरचंच आणा, व्याघ्र प्रकल्पात विनापरवाना काडीही उचलू नका." वाळवायचं कागदाच्या घडीच्या पाकिटात, प्लास्टिकमध्ये नाही, बुरशी लागते. पाकिटावर जागा, तारीख, दगडावर की सालीवर, कोणी गोळा केलं, हे लिहायचं. दाबायची गरज नसते, वर्षानुवर्षांनी पाणी टाकलं तरी पान उलगडते.

तिनं माझ्याच भिंगातून पाहिलं आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, फिसिडेन्स. पानाचा खालचा भाग खिशासारखा दुमडून खोडाला आणि वरच्या पानाला धरून असतो, तो खिसा दिसला की वंश ठरला. मी मग परत पाहिलं, खरंच खिसा, शर्टाला असतो तसा. बोंडाच्या तोंडाला लालसर दात होते. विहिरीवरच्याला एकही नव्हता, कडा सपाट, ते हायोफिला, त्याले दात नसतातच, ओळखायची ती एक खूण.

"मंग नवीन नाही?" मी विचारलं. "काकाजी, याची चारशेच्या वर भावंडं आहेत जगात, हे त्यातलं एकही नाही हे आधी दाखवाले लागते." म्हणजे पानाचा ब्लेडनं आडवा काप घ्यायचा, मोठ्या मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायच्या, त्यावर पुटकुळ्या आहेत का, कडेला वेगळी पट्टी आहे का, ते सगळं हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या नमुन्यांशी लावून पाहायचं. बहुतेक मॉसची नावं १८०१ पासून धरतात, हेडविग नावाच्या जर्मन माणसाच्या पुस्तकापासून, ते पुस्तकही तो वारल्यावर छापलं. नवीन ठरलंच तर एक नमुना कायमचा हर्बेरियमला द्यायचा, वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत छापायचं, २०१२ च्या आधी लॅटिनच लागायचं. अंटार्क्टिकात आपल्या भारती नावाच्या संशोधन स्टेशनजवळ २०१७ मध्ये मॉस गोळा केलं होतं, पंजाबच्या केंद्रीय विद्यापीठाच्या लोकांनी ते ब्रायम भारतीएन्सिस म्हणून २०२१ मध्ये जाहीर केलं. तिथं डीएनए तपासूनही एवढे दिवस, मी तर दुपारीच नाव ठरवून बसलो होतो. नाव सांगत नाही, लाज वाटते.

माझं पाकीट सध्या तिच्या कपाटात आहे.

भिंगाच्या तक्रारी अजून दोन. आतला एलईडी दिवा चार महिन्यांत बंद पडला, बटणाचे सेल बदलले तरी पेटला नाही, पण त्याची गरजही पडत नाही. बिजागरीचा स्क्रू ढिला होतो, बायकोच्या नेलपॉलिशचा एक थेंब टाकला तेव्हापासून घट्ट आहे. फोनला लावायची क्लिपवाली लेन्स घेऊ नका, तीही घेतली होती, पानापेक्षा आपली सावलीच जास्त दिसते.

चार स्टार देतो, एक कापला त्या ४० च्या आकड्याचा. घेणार असाल तर गळ्यात अडकवाले दोरी लगेच बांधा, माझं एकदा नाल्यात पडलं, एवढं चकचकीत असूनही गढूळ पाण्यात दिसेना, पायाला टोचलं म्हणून सापडलं.