जुन्या बरण्या, नव्या कुंड्या

दिवाळीला भेट द्यायला कुंड्या हव्या होत्या, म्हणून रत्नागिरीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात गेले. काठाला टवका उडालेली लोणच्याची चिनीमातीची बरणी 120 रुपयांना मिळाली, कप 20ला एक. दुकानातले काका प्रत्येक भांडं बोटाने वाजवून देतात. खणखणीत वाजलं म्हणजे तडा नाही. एक कप वाजवायचा राहिला, त्याला घरी चीर दिसली. काकांनी लगेच बदलून दिला.

तळाला भोक मात्र आपणच पाडायचं. टाइलचं ड्रिल बिट, वरून पाण्याची धार, जोर अजिबात नाही. आपल्या दमट हवेत भोकाशिवाय सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं रोप, कुजतंच. मातीत निम्मी नदीची जाड वाळू आणि जांभ्याची बारीक खडी घातली. किनाऱ्यावरची वाळू नको, खारट असते. बरणीतलं जेड नावाचं सक्युलंट आईला दिलं. तिने ते तुळशीशेजारी ठेवलंय.