गाडीला टायर कोणता घ्यावा, १६५/८० आर१४ की १८५/६५ आर१५?
पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या रबरी भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के, आर म्हणजे रेडियल (आतले धागे आडवे असलेला टायर) आणि शेवटचा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचांत. आता हिशोब करा, १४ वाल्याची साइडवॉल १३२ मिमी, १५ वाल्याची साधारण १२०, पण पूर्ण चाकाची उंची ६२० आणि ६२१ मिमी म्हणजे जवळपास सारखीच, त्यामुळे स्पीडोमीटरला काही फरक पडत नाही. रुंद टायर आंबा घाटात वळणावर मस्त पकडून चालतो हे खरंय. पण आमच्या वाडीतला जांभ्या दगडाचा रस्ता, पावसात खड्डा पाण्याने भरलेला, दिसतच नाही, तिथे ते १२ मिमी जास्तीचं रबर रिम वाचवतं. गावात राहणाऱ्याने १४च घ्यावा.